पहिला ट्राउट काठावरूनच

ट्राउट, म्हणजे थंड वाहत्या पाण्यातला मासा, पहिल्यांदाच धरायचाय आणि तोही होडीतून, असं म्हणतोस; पण होडीचं सध्या डोक्यातून काढ. तू एप्रिलात हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात चाललायस. तिथली नदी दगडधोंड्यांतून उसळत उतरते, होडी घालणार कुठे? प्रवाहासोबत वाहणाऱ्या होड्या अमेरिकेतल्या रुंद नद्यांवरच्या. एक जण सतत वल्ही सांभाळतो, आणि चांगली जागा दिसेपर्यंत ती मागे पडलेली असते.

काठावर एकाच डोहापाशी तासभर थांबता येतं, खरं शिकणं तिथेच. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या अंगाने, वाकून, पाय न आपटता जा. सावली पाण्यावर पडली की मासा पसार. मोठ्या दगडामागे वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना मिळतं ना, त्याच्या थोडं वरच्या अंगाला गळ टाक आणि वाहत येऊ दे. आधी पायाजवळचं पाणी! पहिल्या वर्षी लांब फेकण्याच्या नादात मी काठालगतचे सगळे मासे उधळले होते, अजून हळहळ वाटते.

निघण्याआधी आठवडाभर आपल्या चिमणबाग मैदानावर गळ न लावता फेकायचा सराव कर. परवाना मत्स्य विभागाकडून काढ. आणि सोडायचा मासा ओल्या हातानेच धर रे, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.