पुन्हा हँडल हातात घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

मोटारसायकलवरून दोनदा पडलीस, आता हाड जुळलं, गाडी गॅरेजमधून परत आली, तरी चावी उचलली की पोटात गोळा येतो, असं तू लिहिलंस. घरचे म्हणतात, नाद सोड. मैत्रिणी म्हणतात, एकदा जोरात पळव, भीती आपोआप जाईल. दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेव, आणि दुसरा तर कायमचाच. 'गाडीची भीती वाटते' एवढ्यावर काही करता येत नाही. खडीची, एका बाजूच्या वळणाची की आडव्या येणाऱ्या कारची, हे कळलं की प्रत्येकीवर काही ना काही सराव सापडतो.

म्हणून आधी वही घे. दोन्ही अपघातांबद्दल चारच गोष्टी लिही: वेग किती होता, नजर कुठे होती, हातापायांनी काय केलं, चाकाखाली काय होतं. चूक कोणाची, हे या वहीत नको. तुझ्या पत्रावरून मला दिसतं ते असं. पहिल्या वेळी वळणात खडी दिसली, नजर खडीवरच खिळली, पुढचा ब्रेक आवळला गेला आणि पुढचं चाक निसटलं. दुसऱ्या वेळी समोरची कार वळली, पाय मागच्या ब्रेकवर जोरात पडला, चाक जाम झालं आणि गाडी आडवी झाली. अपघात दोन, पण मुळाशी त्याच दोन गोष्टी: दचकून लावलेला ब्रेक आणि धोक्यावर अडकलेली नजर. तुझा सगळा सराव या दोन गोष्टींभोवती असायला हवा.

डॉक्टरांना 'गाडी चालवू का?' एवढंच विचारू नकोस. 'जोरात ब्रेक लावल्यावर शरीराचा भार मनगटांवर आला तर चालेल का?' असं विचार. गाडी बंद ठेवून क्लच पन्नास वेळा दाबून बघ, दोन्ही खांद्यांवरून मागे वळून बघ, गाडीवर बसून आळीपाळीने एकेका पायावर तिचा तोल घे. यातल्या कशालाही कळ आली तर थांब. गुंगी आणणारी वेदनाशामक औषधं चालू असतील तोवर गाडी नकोच. आणि अपघातात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नकोस. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबून मार झेलतो, नंतर तो पूर्ववत होत नाही. बाहेरून ओरखडाही दिसत नसेल, तरी नवं घे.

गाडी दुरुस्त होऊन आली म्हणजे सरळ आहे असं धरू नकोस. वाकडी गाडी चालवताना वाटणारी भीती खरी असते, तिच्यावर सरावाचा उपाय नाही. सरळ रस्त्यावर हँडल किंचित तिरपं धरावं लागत असेल तर पुढचे शॉकअप त्यांना वर धरून ठेवणाऱ्या पट्टीत, म्हणजे 'टी'मध्ये, पिळले गेलेले असू शकतात. बऱ्याचदा बोल्ट आणि ॲक्सल सैल करून ते पुन्हा एका रेषेत आणले की काम होतं, पण पाइप वाकले असतील तर बदलावेच लागतात. मग पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरव. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडखळलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलं. हळू वेगात ब्रेक दाबताना लिव्हर बोटाखाली धडधडत असेल तर डिस्क वाकली आहे का ते तपासून घे.

आता मोकळं, कोरडं, पक्कं मैदान शोध. एका वेळी वीस ते तीस मिनिटं पुरे, कारण दमलेला हात जुन्या सवयीवर जातो. प्रत्येक सरावाआधी आणि नंतर भीतीला शून्य ते दहा असा आकडा दे. चार ते सहा असेल तर तोच सराव आकडा तीनवर येईपर्यंत करत राहा. आठ झाला तर एक पायरी खाली उतर, सोपा सराव कर आणि त्यावर थांब. भीती शिगेला असताना घरी निघून जाऊ नकोस. पळालो म्हणून वाचलो, असं मन शिकतं आणि पुढची वेळ आणखी जड जाते.

सुरुवात पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, चालण्याच्या वेगाने. मागचा ब्रेक हलका, पुढच्याला हात नको. गुडघे टाकीला टेकव, कोपरं वाकलेली ठेव. चालवता चालवता कोपरं पंखांसारखी हलवता येतात का ते बघ. येत नसतील तर हात ताठ झालेत. गाडी स्वतःला सावरायला हँडलची बारीक हालचाल सतत करत असते आणि ताठ हात ती अडवतात. मग गाडी डगमगते, म्हणून तू आणखी आवळतेस, म्हणून ती आणखी डगमगते. पडल्यानंतर 'गाडी हातात राहत नाही' असं अनेकांना वाटतं, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

मग ब्रेक. सगळ्यात जास्त वेळ इथे घालव. ताशी २० किलोमीटरपासून सुरू कर, मग ३०, मग ४०, गाडी अगदी सरळ असताना. लिव्हर दोन टप्प्यांत दाब: आधी पुढचा भाग किंचित खाली बसेपर्यंत, मग वाढत्या जोराने. भार पुढे सरकून टायर रस्त्यावर दाबला गेला की त्याची पकड वाढते. त्याआधीच झडप घातली तर चाक जाम होतं. जाम झालंच तर लगेच सोड आणि पुन्हा हळू दाब. पुढचा ब्रेक वाढत जाईल तसा मागच्या ब्रेकवरचा पाय हलका कर, कारण मागचं चाक तेव्हा हलकं झालेलं असतं. तुझी दुसरी पडझड याचमुळे झाली. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर धडधड जाणवली तरी लिव्हर सोडू नकोस. मात्र साधं एबीएस झुकलेल्या गाडीला सावरेल, या भरवशावर राहू नकोस.

मैदानावर अंतर पावलांनी मोजून बघ. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. सावध व्हायला एक सेकंद धर, कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेकचे साधारण ९ मीटर, म्हणजे सगळे मिळून २०. ताशी ६० ला हेच सुमारे ३७ होतात. चौकाजवळ दोन बोटं लिव्हरवर आधीच ठेवलीस तर त्या एका सेकंदातला काही भाग वाचतो.

वळणांसाठी १५ मीटर व्यासाचं वर्तुळ खडूने आख. ज्या बाजूला पडलीस त्या बाजूला शरीर झुकायला नकार देईल, म्हणून आधी सोयीच्या बाजूने फेऱ्या मार, मग दुसऱ्या. नजर चाकापुढे नको, वर्तुळाच्या पलीकडच्या कडेला ठेव. मग वाटेत एक चपटी बाटली ठेव आणि तिच्याकडे न बघता शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत जा. बाटलीकडे बघितलंस तर तिच्यावरच जाशील, खडीचंही असंच झालं होतं. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. खडीवर चाक आलंच तर ब्रेक नाही, ॲक्सिलरेटरला झटका नाही, नजर बाहेर पडण्याच्या वाटेवर.

रस्त्यावर पहिले दिवस उजेडात, कोरड्यात, एकटीने, ओळखीच्या मार्गावर. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर, ओल्यात चार. वळू शकणाऱ्या कारच्या पुढच्या चाकाकडे लक्ष ठेव, चालकाच्या चेहऱ्यापेक्षा ते आधी आणि खरं सांगतं. अपघाताच्या जागी आधी पायी जा, उतार आणि खडी नीट बघ, गाडीवरून नंतर. अपघाताला महिना उलटून गेल्यावरही त्याची दृश्यं अचानक डोळ्यांपुढे येत असतील, झोप मोडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. अशा आघातावर नेमके उपचार आहेत आणि मैदानातला सराव त्यांची जागा घेत नाही.

रात्र, पाऊस आणि डबलसीट, हे याच क्रमाने आणि सगळ्यात शेवटी. डबलसीटआधी टायरमधली हवा गाडीवरच्या तक्त्याप्रमाणे वाढव आणि मागे बसणाऱ्याला घेऊन ब्रेकचा सराव मैदानावर पुन्हा कर.

पहिल्या आठवड्याचे आकडे मला लिहून पाठव. कुठल्या सरावाला आकडा अडकून राहिलाय ते बघून पुढचं ठरवू.