परतीच्या पावसानंतर खानदेशातल्या नद्यांचं पाणी कसं वाढतं-उतरतं आणि गळ टाकायला नेमकं कधी जावं?

तुम्ही विचारलंय की परदेशात शरद ऋतूतला पाऊस होऊन ओढ्यांचं पाणी वाढलं की ट्राउटवाले लगेच निघतात, मग आपल्याकडं परतीचा पाऊस झाला की लगेच नदीवर जावं का, आणि शेवटी "खानदेशात तसे मासे असतात तरी का". हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. मी साक्रीकडचा, पांझरेच्या काठचा.

आधी सरळ उत्तर देतो. लगेच जाऊ नका. पाणी चढत असताना नाही, उतरायला लागलं की जा. ट्राउट आपल्याकडं नाही आणि होणारही नाही, तिला थंड पाणी लागतं, 20 अंशांच्या वर पाणी गेलं की तिचे हाल सुरू होतात, म्हणून ती हिमाचल, काश्मीर, निलगिरी, मुन्नार अशाच ठिकाणी. पण रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगाडा हे सगळं तापी-गिरणा-पांझरेत आहे, आणि ज्याला सापडत नाही तो चुकीच्या दिवशी जातो एवढंच.

आमचे दाजी, मोठ्या ताईचे मिस्टर, नाशिकला असतात. ते एकदा हिमाचलला तीर्थनच्या खोऱ्यात जाऊन ट्राउट धरून आले आणि तेव्हापासून मासे या विषयावर घरात शेवटचा शब्द त्यांचा. एका दसऱ्याला आले होते. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत आमच्याकडं मासा घरात येत नाही, त्यामुळं दसरा झाला की बंधाऱ्यावर जायचं हे आधीच ठरलेलं, आणि नेमका आदल्या रात्री नदीच्या वरच्या अंगाला, पिंपळनेरकडं, जोरात पाऊस झाला. आमच्या गावात चार थेंब, पण पश्चिमेला रात्रभर विजा दिसत होत्या. सकाळी उजाडायच्या आत दाजी तयार, रॉड, रील, बाहेरून मागवलेले स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगर फिरणारी खोटी आमिषं. मी म्हटलं दाजी आज नका, पाणी उतरू द्या, परवा जाऊ. तर म्हणे, "अरे जगभर लोक पाऊस पडला की निघतात, तुम्ही अजून आजोबांचंच धरून बसा."

बंधारा जुना, फडाचा, म्हणजे पाटानं शेतांना पाणी देणारा, दगडी. पोचलो तर पाणी तांबडं, त्यात मक्याची ताटं, फांद्या, फेस. मी पाणी काठाला जिथं टेकत होतं तिथं तुराटीची काडी रोवली आणि थर्मासमधला चहा काढला. चहा पिऊन होईस्तोवर काडी चार बोटं पाण्यात. दाजींना दाखवलं, त्यांनी बघितलंही नाही. पलीकडच्या काठाला भिलवस्तीवरचे एक बाबा खांद्यावर जाळं टाकून उभे होते. त्यांनी पाण्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, "पानी चढी ऱ्हायनं भाऊ, आज काय भेटाव नही" म्हणाले आणि जाळं न भिजवता परत फिरले. ज्या माणसाची चूल या नदीवर पेटते तो घरी चाललाय, आणि दाजी दुपारपर्यंत स्पिनर फेकत राहिले, दर वेळी वर काय येतंय तर काडीकचरा, एक स्पिनर दगडात अडकून तुटला तो वेगळाच. रात्री जेवताना सगळ्यांसमोर निकाल दिला, "तुमच्या खानदेशच्या नद्यांत आता मासाच राहिला नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नाशिक.

त्यानंतर पाणी उतरलं. दगडावर ओली रेघ आधी वीतभर वर दिसायला लागली, मग हातभर. तांबडेपणा जाऊन रंग हिरवट झाला, मी हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत होती. बंधाऱ्याच्या खाली जिथं धार संपून पाणी संथ व्हायला लागतं तिथं कणीक आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा लावून साधाच गळ टाकला. रोहू लागले, त्यातला एक तर दोन्ही हातांत धरावा लागला एवढा. बाबा पण आले होते, त्यांच्या जाळ्यात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. फोटो दाजींना पाठवला तर रिप्लाय एकच शब्द, "नशीब". नशीब काय त्यात, बाबांनी पाणी बघून आधीच सांगितलं होतं ना!

आता कारण सांगतो म्हणजे तुमच्या लक्षात येईल की दाजींचा नियम कुठं लागू होतो. त्या थंड मुलखांत उन्हाळा संपताना ओढे खाली गेलेले असतात, पाणी कोमट, त्यात प्राणवायू कमी, मासा सुस्त. सुरुवातीचा पाऊस कोरडी जमीनच पिऊन टाकते, मग पुढच्या पावसांनी ओढा वाढतो, गार होतो, किडे-गांडुळं वाहून येतात, आणि ब्राऊन ट्राउट तर अंडी घालायला याच दिवसांत वर चढते. म्हणजे त्यांची नदी उपाशी असते आणि पाऊस तिचं जेवण. आपली नदी तोपर्यंत जेवून उठलेली असते. जूनमध्ये आपली काळी जमीन भेगाळलेली, पहिले पाऊस त्या भेगांतच जातात, नाल्याला टिपूस दिसत नाही. तीच जमीन सप्टेंबरपर्यंत फुगून भेगा बुजतात, विहिरी भरतात, खाली काळा पाषाण, मग तेवढाच पाऊस सरळ नाल्यातून नदीत. म्हणून आपल्याकडं परतीचं पाणी झपकन येतं आणि झपकन उतरतं, आणि मागं राहतो तो पाझर, तोच पुढं नदी वाहती ठेवतो. रोहू-कटल्याचं अंडी घालणं जुलै-ऑगस्टच्या पुरातच उरकलेलं असतं, त्यामुळं ऑक्टोबरच्या पुरात त्यांना वर चढायची घाई नसते, ते कडेला दबून बसतात आणि पाणी निवळलं की थंडीच्या आधी पोटभर खातात. मरळ तर बघून झडप घालते, गढुळात तिच्यापुढं काहीही फिरवा. शिंगाड्याचं वेगळं, तो मिशांनी आणि वासानं शोधतो, त्यामुळं गढुळातच जायचा हट्ट असेल तर बाजूचा नाला जिथं नदीला मिळतो तिथं गांडूळ लावून बसा, तेवढंच.

आणि दाजींच्या ट्राउटचं सांगू का, तीर्थनला ते गेले ऑक्टोबरात. तिथं सप्टेंबर सरताना पावसाचा जोर संपतो, मग नदी उतरत जाते आणि निवळते, आणि 1 नोव्हेंबरपासून ट्राउटवर बंदी असल्यानं लोक त्याच्या आत उरकून घेतात. दाजींच्याच फोटोत त्यांच्या पायाखालचे गोटे दिसतात इतकं पाणी स्वच्छ आहे. म्हणजे त्यांची ट्राउट पण उतरत्या पाण्यातच लागली!

पाणी उतरतंय का चढतंय हे आपल्या डोक्यावरच्या आभाळावरून ठरवू नका. तापीचं पाणी बघायचं तर बऱ्हाणपूरकडचा पाऊस बघा आणि पूर्णेसाठी अकोला-बुलढाण्याचा, दोन्ही चांगदेवला एकत्र येतात आणि पुढं हतनूर धरण. भुसावळला कडक ऊन असतं आणि हतनूरच्या 41 दरवाज्यांपैकी निम्मे उघडे असतात, असं होतं. गिरणेला कळवण-सुरगाण्याकडचा पाऊस, आणि गिरणा धरण भरलेलं नसेल तर वर कितीही पडो, खाली काही येत नाही. पांझरेला लाटीपाडा, कान नदीवरचं मालनगाव आणि खाली अक्कलपाडा ही धरणं बघा. धरणातून किती पाणी सोडलं त्याचा बातमीत क्युसेकचा आकडा येतो, 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, तो रोज कमी होत चालला की समजा तुमचा दिवस जवळ आला. अजून एक, ऑक्टोबरच्या मध्यानंतर के.टी. वेअरला, म्हणजे कोल्हापुरी बंधाऱ्याला, पाणी अडवायला फळ्या टाकतात, तेव्हा पावसाशिवायच वरचा डोह चढतो आणि खालचं पात्र उघडं पडतं. ते चढणं वाईट नाही, पाणी गढूळ होत नाही, उलट नवीन बुडालेल्या काठाला मासा चरायला येतो, सकाळी आणि ऊन कलल्यावर जा. दुपारी ऑक्टोबरच्या उन्हात मासा खोल पाण्यात जातो.

हे आधी लिहायला हवं होतं पण आता लिहितो, मी बंधाऱ्याच्या खाली गळ टाकला असं म्हटलं ते काठावरून, पात्रात उतरून नाही. वरून कधी पाणी सोडतील सांगता येत नाही, भोंगा वाजला की सामान राहू द्या, वर या. परतीच्या पावसात विजा फार, कार्बनचा रॉड हातात असेल आणि गडगडाट ऐकू आला तर रॉड खाली ठेवून काठ सोडायचा. आणि धरणांचे, तलावांचे ठेके मच्छीमार संस्थांकडं असतात, तिथं विचारल्याशिवाय गळ टाकू नका, त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं.

दाजी यंदा दिवाळीला येतायत. ताईला सांगून ठेवलंय, पिंपळनेरकडं पाऊस झाला तर परतीचं रिझर्वेशन दोन दिवस पुढचं काढा.