दुर्बिणीआधी माउंट

प्रश्न : माझ्याकडे एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा आहे. देवयानी दीर्घिका टिपण्यासाठी ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्यावी की ८० मिलिमीटरची अपवर्तक (भिंगांची) दुर्बीण?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : आपण अपवर्तक दुर्बीणच घ्यावी, आणि तीही एक्वेटोरियल माउंटसह, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरून ताऱ्यांचा मागोवा घेणाऱ्या बैठकीसह. डॉब्सोनियन डोळ्यांनी पाहण्यास उत्तम असली, तरी तिची साधी बैठक पृथ्वीच्या परिवलनाची भरपाई करीत नाही, त्यामुळे दोन-तीन सेकंदांच्या एक्सपोजरमध्येच तारे रेघांसारखे उमटतात. शिवाय तिचे नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर) साधारण १२०० मिलिमीटर असल्याने आपल्या कॅमेऱ्यात जेमतेम १ अंश रुंदीचे आकाश मावेल. देवयानी तर सुमारे ३ अंश पसरलेली आहे. ४८० मिलिमीटर नाभीय अंतराच्या ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या काचेच्या) अपवर्तक दुर्बिणीत ती कर्णरेषेत धरल्यास बहुतांश सामावते.

खर्चाचा मोठा वाटा माउंटवर करावा, असे माझे ठाम मत आहे. छायाचित्रणासाठी त्याच्या सांगितलेल्या भारक्षमतेच्या निम्मेच वजन चढवावे. चोपड्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवरच दिसतो आणि नेमका उत्तरेलाच सातपुडा आहे, म्हणून ध्रुवीय जुळणीसाठी (माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने लावण्यासाठी) डोंगराच्या अगदी पायथ्याशी न बसता थोडे दक्षिणेला, गावाच्या दिव्यांपासून दूर, मोकळ्या शिवारात जागा निवडावी. पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते. दुर्बीण सिलिका जेलसह हवाबंद पेटीत ठेवावी.