पहिल्याच दिवशी मासा लागला नाही, तर मूल पुन्हा पाण्याकडे येईल का?

आपण एका दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत. गळ टाकून मासे पकडण्याचा नाद लोकांना पहिल्यांदा कसा लागतो आणि तो जन्मभर कसा टिकतो, ही पहिली. आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलाचा हिरमोड होऊ नये म्हणून त्याला पहिल्या दिवशी मुद्दाम भरपूर मासे सोडलेल्या खासगी तळ्यावर न्यावे का, ही दुसरी. दुसरीचे उत्तर आधी देते: नेऊ नये. 'पहिल्या दिवशी मासा मिळाला की मूल कायमचे गळाला लागते' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि ते खोटे असल्याचा पुरावा माझ्याच घरात आहे.

आमच्या मामांनी मला आणि त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या मामेभावाला, एकाच वर्षी गळ टाकायला शिकवायचे ठरवले. दादा माझ्याहून थोडा मोठा होता. पहिल्याच सकाळी मामांच्या स्वतःच्या गळाला कार्प जातीचा एक मोठा मासा लागला. त्यांनी हिसका दिला, मासा पक्का बसल्याची खात्री केली आणि मग काठी दादाच्या हातात दिली. काठी मुठीपर्यंत वाकली होती, दादा मागे रेलून जोर लावत होता, आणि मामा त्याच्या कोपराखाली हात धरून उभे होते. मासा काठावर आल्यावर केवढे कौतुक झाले! त्या माशाचे वजन दादाच्या तोंडून दर काही वर्षांनी वाढत गेले आहे, पण मासा मोठा होता, हे मी नाकारत नाही.

माझ्या वाट्याला त्या दिवशी गळ बांधण्याचे काम आले. मामांनी तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोरीचा, एक तुकडा आणि दात (टोकाजवळचा उलटा काटा) घासून बोथट केलेला एक गळ माझ्या हातात दिला आणि गाठ शिकवली: दोरीचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवायचे, मूळ दोरीभोवती पाच वेढे द्यायचे, टोक परत नेढ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढायचे, मग त्याने तयार झालेल्या मोठ्या फासातून न्यायचे आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने नायलॉन तापते आणि नेमके तिथेच कमजोर होते. मी दिवसभर गाठी बांधल्या आणि मामा एकेक ओढून तोडत गेले. जी तुटली नाही ती त्यांनी आपल्या काठीवर लावली. दादाच्या माशाबद्दल मला त्या दिवशी हेवा वाटला असेल, पण मला आठवतो तो माझ्या गाठीवर गळ टाकणाऱ्या मामांचा हात.

तो सगळा हंगाम मला एकही मासा लागला नाही. मामांनी मला पाण्याची खोली मोजायला लावले. गळाला शिशाचा जड गोळा अडकवायचा आणि तरंगा दोरीवर खालीवर सरकवत पाण्यात सोडायचा. तरंगा बुडाला तर दोरी आखूड आहे, आडवा पडला तर जास्त लांब आहे, आणि त्याचे टोक तेवढे पाण्याबाहेर उभे राहिले तर शिसे तळाला टेकले आहे आणि दोरी बरोबर आहे. अशा रीतीने मी तळ्याचा एक काठ पावलागणिक मोजला आणि वहीत उतरवला. कुठे तळ अचानक खाली जातो, कुठे गाळ आहे, कुठे खडे आहेत, ते मला पाण्यात न उतरता कळू लागले. मग बुडबुडे ओळखायला शिकले. एकाच जागी संथपणे येत राहतात ते कुजणाऱ्या पाल्याचे. बारीक बुडबुड्यांचा झुबका येतो आणि थोड्या वेळाने जरा पुढे सरकून पुन्हा येतो, तो गाळ उकरत चाललेल्या माशाचा. तसा झुबका माझ्या गळाच्या दिशेने सरकत येताना पाहणे ही मासा लागण्याहून मोठी गोष्ट आहे, असे मी आजही म्हणते.

पुढच्या वर्षी मला पहिला मासा लागला. तो हाताच्या तळव्याएवढा होता. मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "किती खोलीवर होतीस?" मी सांगितले आणि त्यांनी आपला तरंगा सरकवून तेवढ्याच खोलीवर आणला.

दादाने कॉलेजात जाईपर्यंत गळ टाकणे सोडून दिले होते. मी अजून टाकते. असे असूनही घरातली माणसे एकत्र जमली की दादा सांगतो, "मला पहिल्याच दिवशी मासा लागला म्हणून मला खरी गोडी लागली, हिला आपली सोबतीला न्यायचे." गोडी लागलेला माणूस तीस-चाळीस वर्षे पाण्याकडे फिरकत नाही, हे कसे, असे विचारले तर वेळ मिळाला नाही, हे उत्तर तयार असते. वेळ मलाही मिळत नव्हता. नोकरी होती, मुले लहान होती, आजारपणे होती. त्या वर्षांत काठी महिनोन्‌महिने हातात आली नाही; पण कुठल्याही पाण्याजवळून गेले की वारा कुठल्या काठावर लागतो आहे आणि त्यासोबत अन्न कुठे साचत असेल, हे डोळे आपोआप पाहायचे. दादाला फक्त मासा ओढणे माहीत होते, आणि मासा गळाला नसताना त्या माहितीचा काही उपयोग नसतो. गळ टाकणाऱ्याच्या आयुष्यातला बहुतेक वेळ मासा गळाला नसतानाच जातो.

माझ्या म्हणण्याला माझ्या घराबाहेरचाही दाखला आहे. गळाची दोरी फेकण्यात नाव कमावलेल्या अमेरिकेतील जोन वुल्फ या १९२६ साली जन्मल्या. वयाच्या दहाव्या वर्षी वडिलांची काठी घेऊन दोरी फेकायचा पहिला प्रयत्न त्यांनी केला, तेव्हा काठीचे टोक निसटून तळ्यात पडले. त्यानंतर वडील त्यांना आपल्या क्लबात घेऊन जाऊ लागले आणि तिथे त्या दोरी फेकायला शिकल्या, म्हणजे सुरुवात माशापासून नव्हे तर फेकीपासून झाली. १९५१ मध्ये त्यांनी लांब फेकीची एक स्पर्धा पुरुष स्पर्धकांना हरवून जिंकली, आणि पुढे पती ली वुल्फ यांच्यासह न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरभागात हेच शिकवण्याची शाळा काढली. पहिल्या दिवशी काठीचे टोक गमावलेली मुलगी जन्मभर पाण्याजवळ राहिली. हा अपवाद आहे असे कोणी म्हणू शकेल. पण उतारवयापर्यंत टिकलेल्या ज्या माणसांशी मी या विषयावर बोलले आहे, त्यांच्याही पहिल्या आठवणी गाठीच्या, गांडुळे खणण्याच्या, कोणासाठी तरी जाळी धरून उभे राहण्याच्या आहेत. मोठा मासा बहुधा नंतर येतो.

आता खासगी तळ्याबद्दल. तिथे मासे दाटीने सोडलेले असतात, त्यांना ठरावीक वेळी खाणे मिळण्याची सवय असते, आणि गळ कुठेही, कितीही खोल टाकला तरी काहीतरी लागते. त्यामुळे मूल जे शिकते ते दुसऱ्या कुठल्याच पाण्यात लागू पडत नाही. खऱ्या पाण्यात मासा आपल्याला पाहतो आणि आपली चाहूलही त्याला लागते. शांत पाण्याखालून त्याला बाहेरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसते आणि त्या शंकूबाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो. काठावर जे बुटके आणि दूर असते ते त्या वर्तुळाच्या कडेला दबून जाते, म्हणून मागे सरकून खाली बसायचे. त्याच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते, तिने त्याला पाण्याची बारीक हालचाल जाणवते, आणि काठावर पाय आपटले तर तो हादरा आतल्या कानापर्यंतही पोहोचतो. 'गप्प बस' असे दटावण्यापेक्षा हे कारण सांगितले, तर आठ वर्षांचे मूल आपण होऊन पावले हलकी टाकू लागते. माझ्या दोन्ही मुलांनी टाकली. दाटीच्या तळ्यावर मात्र त्या मुलाने धावपळ केली तरी मासा लागतोच, मग त्याने ते कशासाठी शिकावे?

दुसरी गोष्ट फोटोची, आणि ती मला जास्त झोंबते. अलीकडे दादाने आपल्या नातवाला अशाच एका तळ्यावर नेले, स्वतः मासा लावून काठी त्याच्या हातात दिली, आणि सगळ्यांचे फोटो होईपर्यंत मासा बाहेर धरून ठेवून मग पाण्यात सोडला. मुलाने नंतर पुन्हा कधी येतो म्हटले नाही, पण तो मुद्दा वेगळा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दमवलेल्या रेनबो ट्राउट माशांपैकी ज्यांना हवेत धरले नाही त्यांतले १२ टक्के मेले, ३० सेकंद धरलेल्यांतले ३८ टक्के आणि ६० सेकंद धरलेल्यांतले ७२ टक्के. ही एकाच जातीची आकडेवारी आहे आणि काही जाती याहून बऱ्याच चिवट असतात. तरी पोहत निघून गेला म्हणजे मासा वाचला, ही समजूत मुलाला पहिल्याच दिवशी देणे मला मान्य नाही. ऊन तापलेले असेल तर आणखी वाईट, कारण १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात, आणि दमलेल्या माशाला त्याच वेळी तो सर्वांत जास्त हवा असतो. सोडायचा असेल तर हात ओले करावेत, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि शक्य तर पाण्यातच गळ काढावा. ठेवायचा असेल तर डोळ्यांमागे, डोक्यावर एक जोरदार टोला देऊन ताबडतोब मारावा. पिशवीत तडफडत ठेवू नये. या दोन्हीपैकी एक काम मुलाला पाहता आले पाहिजे आणि कालांतराने करता आले पाहिजे, नाहीतर त्याच्या हाती काठी देऊ नये. जर्मनीत प्रौढ माणसाला गळाचा परवाना मिळण्याआधी बहुतेक राज्यांत परीक्षा द्यावी लागते आणि तीत माशाला कसे हाताळावे व कसे मारावे हेही येते. मला ते अगदी योग्य वाटते.

याच कारणासाठी मुलाचा पहिला गळ बिनदाती असावा. दात नसेल तर मासा निसटतो ही तक्रार दोरी सैल सोडणाऱ्यांची असते. जपानच्या ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत शंखाच्या तळापासून घासून केलेले गळ सापडले आहेत, ते सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांना दात नाही. मामांनी माझ्या गळाचा दात घासला होता तो मात्र माझ्या बोटांच्या काळजीने, आणि तेही कारण पुरेसे आहे.

जन्मभर टिकवण्याबद्दल आपण विचारले आहे, त्यावर माझ्याकडे थोडेच सांगण्यासारखे आहे. वयाप्रमाणे काम बदलू द्यावे. तरुणपणी मी वाहत्या पाण्यात उभी राहायचे. आता गुडघे तयार होत नाहीत, म्हणून घडीची खुर्ची घेऊन काठाजवळच्या माशांच्या मागे लागते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. बारीक नेढे दिसेनासे झाले तेव्हा गाठी घरीच, चांगल्या उजेडात बांधून न्यायला लागले. वही अजून चालू आहे.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मूल पाच-सहा वर्षांहून लहान असेल तर माझा वरचा सगळा आग्रह सोडून द्यावा. त्याला पाण्याकाठी खेळू द्यावे. ज्याला अपंगत्वामुळे उंचसखल काठावर जाता येत नाही त्याच्यासाठी बांधीव तळे हीच चांगली जागा आहे. जिथे जाल तिथला परवाना आणि माशांच्या विणीच्या काळातली बंदी पाळावी. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, म्हणून ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर जावे. आणि काठ निसरडा किंवा खोल असेल तर मुलाच्या अंगात तरंगते जाकीट हवेच.

मुलासाठी नवी काठी घेण्याआधी घरात कोणाची जुनी काठी आहे का ते विचारावे. बांबूची असेल तर ती आडवी टेकून ठेवल्याने कायमची वाकते. ती मऊ कापडी पिशवीत घालून टोकाने उभी टांगावी लागते. दोरी मात्र नवीच घ्यावी, कारण उन्हाने आणि वयाने नायलॉन वरून धड दिसत असले तरी आतून गेलेले असते. मामांची बांबूची काठी दादाकडे माळ्यावर आडवी पडली आहे. तिच्यावर बांधलेला शेवटचा गळ माझा होता. दादा माझी उत्तरे वाचतो, म्हणून त्याला इथेच सांगते: ती काठी मला दे, किंवा तुझ्या नातवाला माझ्याकडे पाठव, आम्ही दोघे तिच्यावर गाठ बांधू.