ज्यांना गरज नाही त्यांनाही सरकारी लाभ कशाला? सरसकट योजना परवडतात का?

माझं मत सरसकटच्या बाजूचं आहे, निदान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यापुरतं तरी. पण अशा योजनांनी सरकारचं कर्ज वाढतं हा तुमचा आक्षेप आहे, म्हणून आधी खर्चाचं बोलू, सगळा घोळ तिथेच होतो.

समजा, दहा माणसं आहेत आणि त्यांतली तीन गरीब. फक्त त्या तिघांना शंभर-शंभर दिले तर खर्च 300, दहाही जणांना दिले तर 1,000. अर्थसंकल्पात दुसरी योजना तिपटीहून महाग दिसते. पण उरलेल्या सात जणांकडून शंभर-शंभर जादा कर घेतला, तर त्यांना दिलेलं तिजोरीत परत आलं आणि निव्वळ भार 300 चाच राहिला. अर्थात, तो कर खरोखर वसूल व्हायला हवा. लाभ जाहीर करायचे आणि कराचं नाव काढायचं नाही, असं चालणार असेल तर वाढत्या कर्जाबद्दलचा तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

आता उत्पन्नाची अट घातली की काय होतं ते पाहा. ब्रिटनमध्ये पेन्शनच्या वयाच्या लोकांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला घरटी 200 किंवा 300 पाउंड मिळायचे. 2024 मध्ये सरकारने इंग्लंड आणि वेल्समध्ये ही रक्कम 'पेन्शन क्रेडिट'सारखे गरिबांसाठीचे भत्ते घेणाऱ्यांपुरती ठेवली. लाभार्थी एक कोटीहून जास्त होते, ते पंधरा लाखांच्या आसपास आले. कागदावर बचत झाली. पण पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक तो घेतच नाहीत! कुणाला माहीत नसतं, कुणाला फॉर्म झेपत नाही, कुणाला हात पसरल्यासारखं वाटतं. म्हणजे ज्यांच्यासाठी अट घातली, त्यांच्यातलेच कित्येक जण बाहेर राहिले. 2025 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. आता रक्कम सगळ्यांना जाते आणि वर्षाला 35,000 पाउंडांहून जास्त उत्पन्न असेल त्याच्याकडून कर खातं ती परत घेतं. मला ही पद्धत पटते. श्रीमंत कोण हे कर खात्याला माहीतच असतं, मग गरिबाला गरिबी सिद्ध करायला का लावायचं?

तरी वसुलीचा नियमही नीट आखावा लागतो. तिथल्याच बालभत्त्याला 2013 मध्ये माणशी उत्पन्नाची मर्यादा लावली. घरात एकच कमावता आणि पगार 60,000 पाउंड, तर सगळा भत्ता करात परत. नवरा-बायको प्रत्येकी 49,000 कमावत असतील, म्हणजे घरात 98,000 येत असतील, तर भत्ता पूर्ण! मर्यादा 2024 मध्ये वाढली, हिशेब मात्र माणशीच राहिला.

सगळंच सरसकट करा, असं मी म्हणत नाही. अपंगत्वासाठीची मदत घ्या. एकाला व्हीलचेअर पुरते, दुसऱ्याला चोवीस तास माणूस लागतो. दोघांना सारखीच रक्कम देणं हा दुसऱ्यावर अन्याय आहे, त्यामुळे तिथे तपासणी लागणारच. फक्त ती गरज किती आहे याची असावी, आणि दर वर्षी त्याच माणसाला तोच कायमचा आजार पुन्हा सिद्ध करायला लावू नये.