एका डब्याचे नऊ वाटे

नागपूर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतची पदार्थांची यादी, दोन्ही मिळाले. धरमपेठेत छोटीशी जागा घेऊन, आमच्या पिढीने लहानपणी ज्यांना चैन मानले ते पदार्थ पुन्हा लोकांपुढे मांडायचे, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. मागच्या आठवड्यात तू चार-पाच ज्येष्ठांना बोलावून फ्रूट सॅलड आणि क्रीमरोल खाऊ घातलेस, त्यांनी वाट्या रिकाम्या केल्या, 'छान झालंय' म्हणाले आणि उठून गेले; एकालाही जुनी आठवण निघाली नाही, म्हणून तू खट्टू झाली आहेस. काय कमी पडले, असे तू विचारतेस. कृती वाचून मला वाटते, की तू त्यात फार घातलेस. ताजी साय, व्हॅनिलाच्या खऱ्या शेंगा, ताजा अननस, बदाम-पिस्ते आणि ते सारे काठोकाठ भरलेल्या काचेच्या मोठ्या बाउलमध्ये. एवढे आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेलेच नव्हते, मग ओळखणार कसे?

आधी त्या काळातले घर डोळ्यांपुढे आण. मी १९६२ सालची. माझ्या बालपणी साखर रेशनकार्डावर मिळे आणि दिवाळीला थोडी जादा मिळाली की आई ती वेगळ्या बरणीत ठेवी. दूध मोजून येई आणि चहापुरते जाई. दुधाचा महापूर योजना १९७० साली सुरू झाली, पण तिची सुबत्ता आमच्या स्वयंपाकघरात पोहोचायला बरीच वर्षे गेली. अशा घरात दोन लिटर दूध एका संध्याकाळी, एका गोड पदार्थासाठी आटवायचे, हाच मुळात मोठा निर्णय असे. सफरचंद घरात आले तर शेजारी विचारत, 'कोण आजारी आहे?' कारण ते महाग फळ रोग्याच्या उशाशी ठेवायचे अशीच समजूत होती. आणि संत्री? संत्र्यांना आम्ही मोजत नव्हतो. काटोलहून, वरुडहून कोणी ना कोणी टोपली पाठवी; आंबिया बहाराची संत्री दिवाळीनंतर आणि मृगाची होळीच्या आगेमागे. अंगणात सालींचा सडा पडे, त्या वाळवून आजी दळायला ठेवी. पाहुणे आले की मात्र हीच आई कपाटातून स्क्वॉशची बाटली काढी आणि जी चव आम्ही दिवसभर फुकट खात होतो तीच रंगीत होऊन काचेच्या ग्लासात येई. पाहुण्यांना सोललेले संत्रे देणे तिला कमीपणाचे वाटे. लग्नात गोल्ड स्पॉट या संत्र्याच्या चवीच्या थंड पेयाची बाटली हातात मिळालेले पोर ती अर्धा तास पुरवी, आणि ते पोर संत्र्याच्या गावचे असे.

ही गोष्ट तू नीट मनात धर, कारण तुझ्या साऱ्या यादीचे मर्म तिच्यात आहे. जे आपल्या मातीत पिके ते साधे, आणि जे डब्यातून, बाटलीतून, पुडीतून येई ते भारी, असा आमच्या घरांचा हिशेब होता. आज तो उलटला आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, रेल्वेने बाहेरगावी जाणारा माणूस संत्रा बर्फीचा डबा घेऊन निघतो, आणि डब्यातल्या अननसाला तुझ्या वयाची मुले नाके मुरडतात. तू ताजा अननस वापरलास तो याच आजच्या हिशेबाने. पण आपली मंडळी ज्या अननसासाठी आसुसली होती तो पाकात मुरलेला, मऊ पडलेला, किंचित डब्याचा वास लागलेला अननस होता.

इथे एक शास्त्राचीही बाब आहे. ताज्या अननसात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते. ते दुधात गेले की तासा-दोन तासांत कस्टर्ड कडवट होऊ लागते. तू सकाळी करून संध्याकाळी वाढलेस, तेव्हा पाहुण्यांना तळाचे कस्टर्ड कडवट लागले असेल तर त्याचे कारण हेच. डब्यातला अननस तापवून बंद केलेला असतो, त्यामुळे ते विकर मरून जाते. आमच्या आयांना हे नाव माहीत नव्हते, पण फ्रूट सॅलडला डब्यातलाच अननस लागतो एवढे पक्के माहीत होते. संत्र्याच्या फोडी त्या कधी घालत नसत, कारण दूध फाटे. केळी वाढायच्या वेळी चिरत, कारण आधी चिरली की काळी पडत.

कस्टर्ड पावडर बदलू नकोस. तू अंड्याच्या पिवळ्या बलकावर शिजवलेले 'खरे' कस्टर्ड करू म्हणतेस, ते चवीला उत्तम होईल यात शंका नाही, पण ते आमचे नव्हे. ही पावडर १८३७ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी केली, ती त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे म्हणून. मक्याचे पीठ, रंग आणि वास, बस. तिकडे ज्याला पर्याय म्हणून पाहिले गेले तेच आपल्याकडे सोवळ्यातल्या स्वयंपाकघराचे दार उघडून आत आले, कारण त्यात अंडे नव्हते. आजीच्या नजरेखाली, देवघराला लागून असलेल्या ओट्यावर एक विलायती गोड पदार्थ शिजू शकला, हे काही लहान नव्हे. पावडर आधी गार दुधात कालव, गुठळी राहू देऊ नकोस. मग उकळत्या दुधात धार सोडून ढवळत राहा आणि एकदा चांगली उकळी येऊ दे, नाहीतर पिठाचा कच्चेपणा जिभेला लागतो. वर जी पिवळी साय धरते ती काढून टाकू नकोस. आमच्याकडे पातेले खरवडायचा हक्क पाळीने मिळे आणि ती साय ज्याची पाळी त्याची.

आता वाटीबद्दल. स्टीलची लहान वाटी घे, वरणाला घेतो ती. आमच्या घरी अननसाचा डबा वर्षातून दोनदा येई. डबा उघडायचे यंत्र नव्हते. वडील सुरीचे टोक काठावर धरून वर बत्त्याने ठोके देत, भोवती आम्ही सगळी मुले उकिडवी बसून पाहत असू, आणि पहिले छिद्र पडले की पाकाचा वास सुटे. चकत्या बाहेर काढून आई परातीत मांडी, मोजी, आणि मग घरात माणसे नऊ, चकत्या दहा, असा हिशेब सुरू होई. दहावी चकती नऊ ठिकाणी कशी गेली हे मी आजही जशीच्या तशी सांगू शकते. चव विचारशील तर तितकी खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून तुझ्या ज्येष्ठांना 'तुम्ही काय खात होता?' असे विचारू नकोस. 'वाटे कोण घालत असे, तुमच्या वाट्याला केवढे येई?' असे विचार. माणसे बोलती होतील.

त्याच डब्याची आणखी एक आठवण तुला सांगायची आहे. रिकामा डबा तांदळाचे माप म्हणून ठेवायचा असे ठरलेले असे. एकदा तो घासायला पडला आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी त्यात घोटभर पाणी घातले, बोटाने कडेचा पाक सोडवला, आणि ते पाणी आपल्या मांडीजवळ बसलेल्या मुलाला पाजले. मी मागच्या दारात उभी होते. मुलाने डबा दोन्ही हातांनी धरला होता आणि काठ कापेल म्हणून त्याची आई त्याची हनुवटी धरून होती. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. माझ्या वाटीत एक चकती आणि दहावीतला तुकडा होता आणि मी ते आत जाऊन एकटीने खाल्ले. तुझ्या भिंतीवर तू 'आपण सगळ्यांनीच खाल्लेली चैन' असे लिहिणार आहेस, तेवढे लिहू नकोस. सगळ्यांनी नाही खाल्लेली. तुझ्याकडे येणाऱ्यांत असा कोणी असेल ज्याने ती नुसती पाहिली, आणि त्याला पहिल्यांदा वाटी मिळेल तेव्हा त्याची आठवणही तुझ्या दुकानात बसायला जागा हवी.

क्रीमरोलविषयी थोडक्यात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आम्ही घरोघर जात असू आणि मिळालेला बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मुठीत घट्ट धरून थेट बेकरी गाठत असू. त्या रोलमध्ये ताजे क्रीम नव्हते. वनस्पती तूप आणि पिठीसाखर फेटून भरलेली असे, दाताखाली किंचित रवाळ लागे आणि टाळूला चिकटे. नागपूरच्या उन्हात ताजे क्रीम तग धरणार नाही, ते धरत होते. तुला त्या तुपातल्या घातक मेदाची काळजी वाटते ती रास्त आहे, परंतु जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतील ट्रान्स फॅटचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असावे असा नियम आहे. त्या नियमात बसणारे चांगले बेकरी शॉर्टनिंग घे आणि रोल बोटभर लांबीचा कर. आम्हालाही अख्खा क्वचितच मिळाला.

आइस्क्रीमच्या बाबतीत मी तुला अडवणार नाही, उलट आग्रह करीन. दिनशॉज १९३२ पासून आपल्याच गावात आहे, त्यामुळे नागपूरकराला विकतचे आइस्क्रीम परके कधीच नव्हते, पण घरचे पॉट आइस्क्रीम ही निराळी गोष्ट होती. मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा बर्फाच्या कारखान्यातून लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी सायकलच्या कॅरियरवर घरी येई, आणि येईतो अर्धी विरघळलेली असे. लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ थरावर थर देत भरायचे; मिठामुळे बर्फाचे पाणी शून्याच्याही बरेच खाली उतरते, म्हणून तर आतले दूध गोठते. झाकणाच्या कडेला कापड घट्ट लावायचे, नाहीतर खारे पाणी आत शिरते आणि सगळ्यांच्या तासाभराच्या श्रमांवर मीठ पडते. हँडल फिरवायला मुलांची रांग असे आणि जसजसे ते जड होई तसतसे मोठे हात लागत. तू यंत्र लाव, पण महिन्यातून एक दिवस तरी दुकानाबाहेर पॉट ठेव आणि येणाऱ्याला फिरवू दे. ज्याने फिरवले त्याला आधी वाढ.

यादीतले मॅगी, रसना आणि पिझ्झा मी खोडले आहेत. मॅगी १९८३ साली आपल्या देशात आली. ती तुझ्या आईच्या पिढीची आठवण आहे, आणि तिच्यासाठी तू स्वतंत्र दिवस ठेवावास. सगळ्या दशकांची एकाच पानावर सरमिसळ झाली की कोणालाच आपले पान सापडत नाही.

किमतीविषयी तू संकोचाने लिहिले आहेस. स्टीलच्या लहान वाटीतल्या फ्रूट सॅलडला दीडशे रुपये लावू नकोस. जागेचे भाडे मला कळते, परंतु आमच्या वेळी ज्यांना परवडत नव्हते त्यांना आजही परवडू नये, असे तुझ्या हातून व्हायला नको. पोहे-चहावर भाडे काढ, या वाट्या जवळजवळ खर्चाला दे.

येत्या रविवारी सकाळी घरी ये, आपण एकदा बरोबरीने करू. कस्टर्ड पावडर आणि दूध माझ्याकडे आहे, केळी मी आणून ठेवते. तू अननसाचा डबा आण, आणि एकच आण. माझी मुले, सुना, नातवंडे आणि आपण दोघी मिळून त्या दिवशी नऊ जण आहोत.

तुझ्या बाई