मैत्रिणीच्या कपाळावरची राख

चिमे,

काल तू विचारलंस आणि मी शिफ्टच्या घाईत सटकलो, म्हणून आता ब्रेकमध्ये टाइप करतोय. बसमध्ये पोरं कपाळाला राख लावून आलेल्या तुझ्या कॅथलिक मैत्रिणीला 'तोंड धुतलं नाहीस का' म्हणून हसली, तू गप्प बसलीस, आणि घरी येऊन मला म्हणालीस, आपण कॅथलिक नाही तर आपण मधे बोलायचं का, आणि मराठी लोकांत कॅथलिक असतात तरी का?

असतात म्हणजे काय, वसईत पिढ्यान्‌पिढ्या आहेत! तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते (तेव्हाही काहींनी नाकं मुरडलीच). आणि आपण राहतो त्या इंग्लंडातूनच गोव्याला गेलेल्या फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ ला छापलं गेलं.

माझ्या वर्गात वसईचा एकजण होता. आजी लाल लुगडं नेसायची, घरात सामवेदी ही तिथली बोली बोलायचे. एकदा सर त्याला म्हणाले, 'अरे वा, तुझं मराठी चांगलं आहे की.' मागून कोणीतरी 'माकापाव' (ख्रिश्चनांना चिडवायचा शब्द) म्हणालं, सगळे हसले, मीपण. त्या दिवशी त्याने माझ्यासोबत डबा खाल्ला नाही. नाताळात त्याच्या घरी खायला मात्र मी पहिला.

ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची (पाम संडेची) पानं जाळून करतात. आता ईस्टरपर्यंत त्यांचा उपवासकाळ, आपल्या आजीच्या चातुर्मासासारखं काहीतरी सोडायचं. आजी कांदा-लसूण सोडते, तुझी मैत्रीण चॉकलेट, आणि मला विचारशील तर चॉकलेट जास्त अवघड आहे, तेव्हा तिच्या नाकासमोर डेअरी मिल्क फोडू नकोस. तिच्याबरोबर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचंय तर खुशाल जा, सगळे उठले की ऊठ, पण ती पांढरी चकती घ्यायला रांगेत उभी राहू नकोस. आपल्याला ते बिस्कीट वाटेल, त्यांच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीर आहे. जागेवर बसून राहिलीस तर कोणी रागवत नाही. पटल्याचं नाटक करायची काही गरज नाही, आणि आपल्या गणपतीत तिने आरतीला हात नाही जोडले तर तूही आग्रह करायचा नाही.

आणि हो, बसमध्ये बोलायचं. भाषण नको, 'ए, पुरे' एवढं म्हण आणि तिच्या शेजारी जाऊन बस.

त्या मित्राचा नंबर अजून आहे माझ्याकडे. मघाशी मेसेज लिहायला घेतला आणि दोनदा खोडला. ब्रेक संपला, डब्यात पोळीभाजी आहे, खाऊन घे.

बाबा